चिमणीच्या कपाळीचे कुंकू

कापूस फुटू लागला की मला आनंद होतो, आणि त्या आनंदाच्या तळाशी थोडे अपराधीही वाटते. या दोन्ही भावना गेली पंचेचाळीस वर्षे एकाच घरातल्या जावांसारख्या माझ्या मनात नांदत आहेत. पटत नाही, पण चूलही वेगळी होत नाही. आश्विन उतरणीला लागतो. सकाळी गच्चीवरच्या टाकीच्या झाकणावर दव साचते. सिल्लोडकडून येणाऱ्या टेम्पोंच्या ताडपत्रीतून निसटलेले कापसाचे पुंजके जळगाव रस्त्याच्या दुभाजकावरील झुडपांना अडकून राहतात. हातगाड्यांवर सीताफळांचे ढीग लागतात आणि त्यांचा तो गोड, किंचित मातकट वास सिग्नलवर थांबलेल्या माणसांमधून फिरतो. शाळेकडे जाताना मी स्कूटरचा वेग उगाच कमी करतो. वसुबारस जवळ आली, हे मला कालनिर्णयापेक्षा त्या पुंजक्यांवरून आधी कळते.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. माझ्या वर्गातल्या मुलांनी माझी एक लकब हेरली आहे. तास संपला की मी ‘फळा पूस’ असे म्हणत नाही. ‘फळा स्वच्छ कर’ असे म्हणतो. एका स्नेहसंमेलनात नववीतल्या मुलीने माझी नक्कल केली होती. चष्मा नाकावर ओढून, आवाज मऊ करून ती म्हणाली, “बाळ, फळ्यावरील मजकुराला आता सप्रेम निरोप दे.” सभागृह हसले, मीही हसलो. मराठीच्या शिक्षकाला एक साधे क्रियापद का टाळावे लागते, हे मुलांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ते ठाऊक असू शकणारी माणसे दोनच. एक मी. दुसरी माझी कौसाआत्या; आणि तिला ते आठवते की नाही, हे विचारण्याचे धैर्य मला या दिवाळीपर्यंत झाले नव्हते.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. विसाव्या वर्षी तिचा नवरा तापाने गेला आणि ती एक पत्र्याची ट्रंक घेऊन भावाच्या घरी परत आली. आमचे गाव सोयगाव तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी. चार खोल्यांचे मातीचे घर, पुढे अंगण, बाजूला गोठा. माझ्या आईकडे स्वयंपाकघर होते, वडिलांकडे शेत होते. आत्याकडे गोठा आला. तिला तो कोणी दिला नाही, तिने मागितलाही नाही. घरातली उरलेली जागा तेवढीच होती, म्हणून ती तिची झाली. आज ती सत्त्याहत्तर वर्षांची आहे आणि माझे आई-वडील गेल्यापासून आमच्याजवळ शहरात राहते.

गोठ्यातल्या सगळ्यांची नावे तिने ठेवलेली. आमचा कुत्रा सुभेदार. अंगाने दांडगा, आवाज असा की पाहुणे वेशीपासूनच बैलगाडीतून उतरायला कचरत. पण जीव पाखराचा. वसुबारशीच्या संध्याकाळी गावात पहिला फटाका वाजला की सुभेदार धान्याच्या रिकाम्या कणगीत शिरे आणि थेट भाऊबीजेला बाहेर येई. बाहेर येतानाचा रुबाब मात्र मोठी मोहीम फत्ते करून आल्यासारखा. आत्या त्याला ओवाळल्यासारखे करून म्हणे, “आले का सुभेदार? किती किल्ले घेतले?” तो शेपूट हलवून सगळे कबूल करी.

शेळीचे नाव तलाठीण. त्यामागे इतिहास होता. वडिलांनी तीन खेपा घालून सातबाऱ्याचा उतारा मिळवला आणि वाळत घातलेल्या सदऱ्याच्या खिशात विसरले. शेळीने सदऱ्याला धक्का न लावता तेवढा कागद काढून खाल्ला. वडील काठी घेऊन धावले. आत्या मध्ये उभी राहिली. “दादा, मारून काय मिळायलंय? समदं रान आता हिच्या पोटात. हिलाच तलाठीण म्हना अन् मोकळे व्हा.” वडिलांची काठी हवेतच राहिली आणि ते असे हसले की त्यांना अंगणात बसावे लागले. त्यानंतर घरात कोणताही कागद सापडेनासा झाला की वडील म्हणत, “अर्ज करा तलाठीणबाईंकडं.”

आणि चिमणी. चिमणी ही आमची गाय. मी पहिलीत असताना तिची आई तिला जन्म देऊन दुसऱ्या दिवशी गेली. वासरू इतके लहान होते की आत्याने त्याला पदराखाली घेऊन घरात आणले. पंधरा दिवस ती दुधात भिजवलेली चिंधी त्याच्या तोंडात धरून बसली. वडील म्हणाले, हे काही जगत नाही. आत्या म्हणाली, “चिमणीबी येवढीच आसती. ती नाय का जगत?” ते वासरू जगले आणि पुढे वाढून गावातली सर्वांत थोराड गाय झाले, नाव मात्र तेच राहिले. आत्या अंगणातून “चिमणे, ये गं” अशी हाक मारी तेव्हा नवखे पाहुणे वळचणीकडे बघत, आणि कोपऱ्यावरून ते प्रचंड पांढरे धूड डुलत डुलत येई. त्या पाहुण्यांची तोंडे बघण्यासाठी मी शाळा बुडवली असती.

चिमणीचा एक दोष होता. आत्याखेरीज ती कोणालाच अंगाला हात लावू देत नसे. या दोषाशी माझी गोष्ट बांधलेली आहे.

यंदा दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी सकाळी मी वर्तमानपत्र चाळत होतो. आत पाचव्या पानावर एक लहान बातमी होती आणि बातमीत आमच्या गावाचे नाव होते. ग्रामसभेने ठराव केला होता. पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा गावात यापुढे पाळल्या जाणार नाहीत. वसुबारशीच्या गाईपूजेचा मान गावातील सर्व स्त्रियांना राहील आणि या वर्षी पूजेची सुरुवात विधवा स्त्रियांच्या हातून होईल. बातमी दहा ओळींची होती. ‘पुसणे’ हे क्रियापद तिसऱ्या ओळीत होते. मी तिथे थांबलो आणि बराच वेळ पुढे सरकलो नाही.

आत्या बाल्कनीत गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. तिच्या शेजारी एक मांजर होते. ते आमचे नाही. वरच्या मजल्यावरचे की खालच्या, हेही कोणाला माहीत नाही. रोज नऊला येते, म्हणून आत्या त्याला पाव्हणी म्हणते. मी तिला बातमी वाचून दाखवावी की नाही, याचा विचार करत चहा थंड केला. वाचून दाखवायला हवी, यात शंका नव्हती. पण ती वाचून दाखवताना मला तिच्या चेहऱ्याकडे बघावे लागणार होते.

“वाचा की मोठ्यानं,” माझी पत्नी सुनंदा आतून म्हणाली. “तोंडावरून कळायलंय, चांगली बातमी आहे. चांगली बातमी मनात वाचली की शिळी होते.”

मी वाचली. आत्याने शेंग मोडता मोडता ऐकली. मग म्हणाली, “बरं झालं. लई उशीर केला, पन बरं झालं.” आणि थोड्या वेळाने, “पूजेला गाय कुनाची हाय, ते नाय लिवलं?”

“आत्या, आपण जाऊ या,” मी म्हणालो. “वसुबारशीला. तुला पूजा करता येईल.”

“मी कशाला? आता ह्या वयात कुंकू लावलं तर सुरकुतीत घरंगळून नाकावर येईल.” ती आणि सुनंदा दोघी हसल्या. विषय तिच्यापुरता संपला. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला, तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी तिने शेंगांचे ताट बाजूला ठेवले. “बाळू, खरं सांग. मला न्यायचंय का तुला जायचंय?”

सत्तावन्न वर्षांच्या माणसाला त्याच्या बालपणीच्या नावाने विचारलेला प्रश्न टाळता येत नाही. पण उत्तर देण्यापूर्वी ती जुनी संध्याकाळ इथे सांगायला हवी.

मी सातवीत होतो. कापूस भरघोस आला होता. ओसरीत छपरापर्यंत पांढरा ढीग, त्यात उड्या मारायला आम्हाला बंदी, आणि म्हणून सुभेदाराला पुढे करून आम्ही त्यात उड्या मारत होतो. घरात बाजरीच्या भाकरीचा खरपूस वास होता, गवारीच्या भाजीला लसणाची फोडणी बसत होती. वसुबारशीला आमच्याकडे गाईचे दूध घरात घेत नाहीत. त्या दिवशीचे सगळे दूध वासराचे. वासराला हे कोण सांगते कोण जाणे, पण सकाळपासून त्याचा तोरा वेगळाच असे. गल्लीतल्या दहा-बारा बायका हळद, कुंकू, निरांजन, गुळभात घेऊन आमच्या अंगणात आल्या होत्या, कारण चिमणीसारखी गाय दुसऱ्या कोणाकडे नव्हती.

पूजा सवाष्णींची. आत्याने तिथे असायचे नाही, हे सर्वांना ठाऊक. पण आत्या नसेल तर चिमणी उभी राहायची नाही, हेही सर्वांना ठाऊक. यातून आमच्या घराने एक मार्ग काढला होता. गोठ्याच्या एका बाजूला पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काटक्यांचा कूड होता. आत्या त्या कुडाच्या पलीकडे उभी राही आणि फटीतून चिमणीशी बोलत राही. “उभी ऱ्हा बाई. तुझीच पूजा हाय. लाथ मारू नगं, पाटलीणबाईचं लुगडं नवं हाय.” अलीकडे बायका कपाळाला कुंकू लावत, पायांवर पाणी घालत, आणि त्या आवाजाकडे आपले लक्ष नाही असे दाखवत. आम्ही सगळे याला ‘सोय’ म्हणत होतो. आज मी मुलांना शब्दांचे अर्थ शिकवतो, तेव्हा हा शब्द आला की मला कूड दिसतो.

त्या वर्षी कुंकू ओले होते. कोणीतरी हौसेने पाण्यात कालवून आणले होते. चिमणीच्या रुंद कपाळावर बायकांनी ते हातभर माखले. आणि पूजा संपायच्या आत चिमणी वळली. बायका बाजूला झाल्या, ताम्हण कलंडले, आणि ती शांतपणे चालत कुडाच्या टोकाशी गेली, जिथून आवाज येत होता तिथे. तिने मान खाली घातली आणि रोज घाशी तसे कपाळ आत्याच्या कपाळावर घासले. लहानपणी चिंधी चोखून झाल्यावर ती असेच करी.

आत्या कुडाआडून बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर, भुवईपासून केसांपर्यंत, लालभडक कुंकू होते. ती हसत होती. बत्तीस वर्षांची होती ती. मी तिला तितके सुंदर कधी पाहिले नव्हते. हे मला त्या क्षणी कळले होते. म्हणूनच पुढचे मला सोपेपणाने माफ करता येत नाही.

अंगण गप्प झाले. एकही बाई काही बोलली नाही. बोललो मी. शाळेत पहिला येणारा, थोरांनी शहाणा म्हटलेला, घराची लाज आपल्या डोक्यावर आहे असे वाटणारा बारा वर्षांचा मुलगा. मी म्हणालो, “आत्या, पूस ते आधी. लोक बघायलेत.”

तिने पदर घेतला आणि पुसले. कुंकू ओले होते, ते निघाले नाही, पसरले. ती तशीच आत गेली. रात्री जेवताना तिने नेहमीप्रमाणे माझ्या ताटात भाकरीचा पापुद्रा काढून त्यात लोणी घालण्याऐवजी, दूध वर्ज्य म्हणून, गुळाचा खडा ठेवला. तिच्या वागण्यात काहीच बदलले नाही. बदलले एवढेच की चिमणी पुढे आणखी नऊ वर्षे जगली आणि त्या नऊही वसुबारशींना आत्या कुडापासून चार पावले मागे उभी राहिली. चिमणीची मान पोचणार नाही इतकी.

मी दुष्टपणाने बोललो असतो तर बरे झाले असते, असे मला पुष्कळदा वाटते. दुष्टपणा वयाबरोबर गळून पडतो. मी चांगला मुलगा होतो आणि चांगला मुलगा म्हणूनच बोललो होतो. ही गोष्ट गळून पडत नाही. पुढे मी विधवाविवाहाच्या समर्थनार्थ वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळवली. ती ढाल आत्याने पुसूनपुसून फडताळात लावली. तरी मी तिला एक वाक्य बोलू शकलो नाही.

तर बाल्कनीत तिने विचारले, न्यायचंय का जायचंय. मी म्हणालो, “दोन्ही, आत्या.” आणि मग सांगितले. सगळे सांगितले, ओले कुंकू, कूड, माझे शब्द. आवाज वर्गात असतो तसा राहिला नाही. पाव्हणी उठून निघून गेली.

आत्याने मधे एकदाही थांबवले नाही. शेवटी म्हणाली, “मला ध्यानात हाय.”

“तू कधी बोलली नाहीस.”

“तू तरी कुठं बोललास?”

“लागलं होतं?”

“लागलं की. नाय कशाला म्हनू? त्या बायांच्या बघन्याचं काय नव्हतं, त्या परक्या. तुझं लागलं. तुला मी न्हाऊमाखू घातलेलं.” तिने माझ्याकडे असे पाहिले, जसे ती पूर्वी दुखऱ्या खुराकडे बघे. किती खोल गेले आहे, याचा अंदाज घेत. “पन बाळू, मी ते दोन-चार वर्सांत खाऊन मोकळी झाले. तू त्याचं लोनचं घातलंस. येवढं मुरवत बसतंय का कुनी? तुझा दात आंबला आसंल.”

सुनंदा दारात उभी होती. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. “आत्या, हे वीस वर्षं मला म्हणतात, काही नाही, ॲसिडिटी आहे.”

मला वाटले, आता आत्या यायला तयार होईल. ती झाली नाही. “तुझं मन हलकं झालं ना? मग झालं. मी तुला औषध म्हनून कुंकू लावायची नाय,” ती म्हणाली आणि ताट पुढे ओढले. तिचे बरोबर होते. क्षमा मागतानाही मी तिला कुडाआडून उपयोगाला बोलावत होतो; पूजा तिची आणि सुटका माझी. मी तो विषय पुन्हा काढला नाही. खरे सांगायचे तर त्या दोन-तीन दिवसांत मी इतका हलका होतो की ती कधीच गावी गेली नसती, तरी मला चालले असते.

वसुबारशीच्या आदल्या दिवशी दुपारी फोन आला. गावच्या सरपंच अनिताबाईंचा. त्यांच्या सासऱ्यांची मेंढरे पूर्वी आमच्या शेतात खतासाठी बसत. आता घरात शेती आहे, दोन दीर बजाजनगरला राहून वाळूजच्या कंपन्यांत जातात, आणि ग्रामसभेत तो ठराव मांडला तो याच अनिताबाईंनी. त्यांना आत्याशी बोलायचे होते. मी फोनचा आवाज मोठा केला.

“आत्याबाई, पूजेला आमची रेणू धरलीय. पण ती पहिलारू हाय, पहिल्या वेताची. मानसं बघितली की उधळायलीय. काल आमच्या सासूबाईला लाथ बसता बसता वाचली. म्हातारी मानसं म्हनायलीत, चिमणीला उभी करनारी बाई होती, तिला इचारा.”

आत्या ताठ बसली. “कधी व्याली?”

“तेरा दिस झाले.”

“कास ताठलीय का? वासराला पोटभर पिऊ देता का पाव्हन्यारावळ्यांना चहा पाजता?”

“चहाच जास्ती व्हतोय, आत्याबाई. ठरावापासून लई मानसं येऊन जायलीत.”

“मग लाथ मारंल नाय तर काय करंल? ठराव तिनं केलाय का?” आत्याने पाच-सात सूचना दिल्या, मग स्वतःच वैतागली. “ह्या डबड्यातनं गाय कळत नसती. बाळू, गाडीत पेट्रोल हाय का?”

मानासाठी जी बाई गेली नाही, ती गाईसाठी निघाली. जाण्यापूर्वी मात्र तिला शहागंजच्या बाजारात जायचे होते. वासराच्या गळ्यात घालायला घुंगरांची माळ हवी होती. दिवाळीच्या गर्दीत मी तिचा हात धरून चालत होतो. एका अरुंद दुकानात तिने सगळ्या माळा कानाशी नेऊन वाजवून पाहिल्या. दुकानदार म्हणाला, “अम्मा, किसके वास्ते होना?” आत्या म्हणाली, “तेरा दिन का बच्चा हाय.” “मुबारक हो अम्मा! लड़का के लड़की?” “बछड़ी.” तो एवढ्या मोठ्याने हसला की बाहेरची माणसे आत डोकावली, आणि त्याने माळेत एक लाल गोंडा आपल्याकडून ओवून दिला.

दुसऱ्या दिवशी, वसुबारशीला, अजिंठ्याचा घाट उतरताना दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. वेचणीच्या बायका कमरेला ओट्या बांधून पाठमोऱ्या वाकल्या होत्या. आत्या खिडकीची काच खाली करून बसली होती आणि दिसेल त्या जनावराविषयी मत देत होती. हा बैल गरीब आहे. त्या शेळीची नजर चोरटी. हे कुत्रे बघ, अगदी सुभेदार. दांडगं अन् भित्रं. “तुझ्यासारखंच,” ती म्हणाली आणि मग पुढचे चार मैल एकटीच हसत राहिली. मी गाडी चालवत होतो. मला फार बरे वाटत होते.

गावी पोचलो तेव्हा ऊन कलले होते. अनिताबाईंच्या अंगणात शेणसडा, रांगोळी, पन्नासएक बायका. पुढे रंगीत साड्या. मागे, भिंतीला टेकून, दहा-बारा जणी वेगळ्या उभ्या. ठराव झाला तरी पाय अजून जुन्या जागी होते. काहींच्या हातात ताटे होती आणि ती त्यांनी पदराखाली घेतली होती. मधे रेणू, दाव्याला ओढ देत, डोळे पांढरे करत.

“मोबाइल बंद करा आधी,” आत्या शिरता शिरताच म्हणाली. “अन् समद्या एका अंगाला व्हा. चहूकडनं बाया आल्या तर मीबी लाथ मारीन.” तिने वासरू सोडायला लावले. वासरू धावत कासेला लागले. रेणूचे अंग हळूहळू सैल झाले. आत्या बोलत बोलत जवळ गेली, काय बोलत होती ते कोणाला ऐकू आले नाही, आणि तिने गाईच्या गळ्याखालच्या मऊ कातडीत बोटे घातली. “हितं खाजवायचं,” ती अनिताबाईंना म्हणाली. “हितं खाजवलं की गाय सासुरवास इसरती. सासूबी इसरती, करून बघ.” सासूबाईंसकट अंगण हसले. रेणूने कान पाडले.

अनिताबाईंनी ताट पुढे केले. “आत्याबाई, पयला मान तुमचा.”

आत्याने ताटाकडे पाहिले. मग मागे वळून भिंतीकडे पाहिले. मग पदर कमरेला खोचून तिने गाईच्या पायांवर पाणी घातले, हळद लावली, कुंकू लावले, वासराच्या कपाळालाही लावले, घुंगरांची माळ बांधली. सर्वांसमोर, उजेडात, मोठ्याने गाईशी बोलत. मी मांडवाच्या खांबाला धरून उभा होतो.

अनिताबाईंनी करंडा घेऊन तिच्या कपाळाकडे हात नेला. आत्याने तो अडवला. “थांब. माझं मी लावते. आरसा हाय का?”

आरसा आत कुठेतरी खिळ्याला होता. अनिताबाईंनी बंद केलेला मोबाइल पुन्हा सुरू केला, त्याचा पुढचा कॅमेरा लावला आणि तिच्यासमोर धरला. आत्या दचकली. “अगं बया! ही कोन म्हातारी?”

“तुम्हीच की.”

“येवढी झाले? कुनी सांगितलं बी नाय.” तिने करंगळीशेजारचे बोट कुंकवात बुडवले. बोट कपाळाशी नेले आणि तिथे जरा थांबवले. सत्तावन्न वर्षांत ते बोट त्या वाटेने गेले नव्हते. मग तिने टेकवले.

“वर झालं, आत्याबाई.”

“नाय गं, बरोबर हाय.”

“डावीकडं गेलंय जरासं.”

“तुझी डावी का त्यांची डावी?”

अंगणभर बायका सल्ले देत होत्या. आत्याने माझ्याकडे पाहिले. “बाळू, तू मास्तर हायस. खरं सांग. सरळ हाय का?”

ते तिरपे होते. चांगलेच तिरपे होते. खोटे बोलावे असे मला फार वाटले, कारण खरे बोलल्यावर काय होणार, ते मला दिसत होते. पण तिने खरे विचारले होते. “थोडं तिरपं आहे, आत्या,” मी म्हणालो.

“मग पुसते की.”

आणि तिने पदराच्या टोकाने ते पुसून टाकले; पटकन, सहज, जशी कुठलीही बाई रोज सकाळी आरशापुढे चुकलेले पुसते. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ती मोबाइलमध्ये डोळे बारीक करून बघत होती. तिने पुन्हा बोट बुडवले आणि या वेळी नेमके मधोमध, गोल, ठसठशीत कुंकू टेकवले. मान डावीकडे करून पाहिले, उजवीकडे करून पाहिले, आणि तिच्या चेहऱ्यावर निव्वळ पसंती होती, दुसरे काहीही नव्हते.

ती पुन्हा एकदा मान वळवणार, एवढ्यात भिंतीजवळून कोणीतरी घसा खाकरला. तिशीची एक बाई होती, पदराखालचे ताट आता हातात धरलेली. ती दोन पावले पुढे आली होती आणि तिच्या मागे बाकीच्याही.

“आत्याबाई,” ती म्हणाली, “तुमचं झालं आसंल तर आरसा हिकडं द्या की. अंधार पडायलाय.”